हळूबाईंची आरोळी

शाळेत असताना हळूबाईंना बाईंनी सलग आठवडाभर गैरहजर लावलं होतं, आणि त्या बसायच्या पहिल्या बाकावर. ‘हजर’ म्हणायच्या त्या रोज, पण ते त्यांचं त्यांनाच ऐकू जायचं. पुढे मोठ्या झाल्या, लग्न झालं, केसांत चांदी चमकू लागली, आवाज मात्र होता तिथेच राहिला. भाजीवाल्याकडे मटार मागितले की तो बिचारा त्यांच्या ओठांकडे बघून अंदाजाने बटाटे द्यायचा. हळूबाई बटाटे घेऊन घरी यायच्या आणि बटाट्याची भाजी करायच्या. परत करायला जायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं.

आणि नशिबाची थट्टा बघा, नवरा मिळाला तो लिलाव पुकारणारा! बंद पडलेल्या हॉटेलांच्या खुर्च्या, कोणी न्यायला न आलेल्या बॅगा, जुनी कपाटं, असलं सगळं सामान तो एका मोठ्या गोदामात उभा राहून विकायचा. “एक वार! दोन वार! तीन वार!” हे शब्द त्याच्या तोंडात इतके बसले होते की गावभर त्याला तीनवारच म्हणत. माणूस मनाने लोण्यासारखा, पण घसा म्हणजे भोंगा. घरी येऊन तीनवारांनी “चहा झाला का गं?” म्हटलं की खालच्या मजल्यावरच्या काकू आपल्या स्वयंपाकघरातून “झाला, झाला” म्हणायच्या. दोघांचा संसार झकास चालला होता. तीनवार दोघांच्या वाटचं बोलायचे आणि हळूबाई दोघांच्या वाटचं गप्प बसायच्या.

हळूबाई कामाला होत्या कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे. लोकांचे कान तपासायचं काम. दवाखान्यात त्यांची स्वतःची एक खोली होती आणि त्या खोलीत आणखी एक खोली, म्हणजे एक मोठं कपाटच. आतून सगळीकडे करडा स्पंज चिकटवलेला, दार हातभर जाड, समोर एक काचेची खिडकी. पेशंटला आत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात एक बटण द्यायचं आणि बाहेरून माईकवर सांगायचं, “आवाज ऐकू आला की बटण दाबा.” माईकचा आवाज मशीनने वाढवता यायचा, त्यामुळे सगळ्या जगात हळूबाईंचं बोलणं धड ऐकू जायचं ते फक्त बहिऱ्यांना. पेशंटला आतून काही सांगायचं असलं तर आतही माईक होता आणि त्याचा स्पीकर बाहेर हळूबाईंच्या टेबलावर. एवढीच त्यांची दुनिया, आणि त्या तीत सुखी होत्या.

एक दिवस तीनवार पुठ्ठ्याचं एक खोकं काखोटीला मारून घरी आले. चेहरा पडलेला.

“काय झालं?” हळूबाईंच्या भुवयांनी विचारलं.

“तीन वार पुकारलं, बोली नाही! माझ्या हातून खोकं विकलं गेलं नाही गं! मालक हसून म्हणाला, न्या तुम्हीच.”

खोक्यात एका डोळ्याचं अस्वल निघालं, चाक नसलेली मोटार निघाली, आणि तळाशी एक गेम. चष्म्याच्या घरासारखा उघडमीट होणारा, दोन पडद्यांचा. त्याला खाली एक ठोकळा जोडलेला, ठोकळ्यावर चार रंगांची चार बटणं आणि हाताला बांधायला पट्टा. सोबत दोरीला लटकलेली नखाएवढी प्लास्टिकची नखी. गिटारचा गेम होता. तीनवारांनी तो हाताला बांधून पाहिला. त्यांच्या एका बोटाखाली चारही बटणं दबली. “पोरांचं काम आहे,” असं म्हणत त्यांनी तो फडताळावर ठेवला आणि ते आंघोळीला गेले.

हळूबाईंनी तो खाली काढला तो केवळ धूळ पुसायला. धूळ पुसता पुसता कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि गेम सुरू झाला. पडद्यावर एक लांबलचक रस्ता आला आणि त्यावरून लाल, हिरवे, पिवळे, निळे मणी गडगडत अंगावर येऊ लागले. मणी रेषेवर पोचला की डाव्या हाताने त्याच रंगाचं बटण दाबायचं आणि उजव्या हातातली नखी दुसऱ्या पडद्यावरच्या तारांवर ओढायची. बरोबर जमलं की गिटार वाजते आणि गर्दी टाळ्या वाजवते. चुकलं की तीच गर्दी हुर्यो करते.

इतकी वर्षं हळूबाई दुसऱ्याला सांगत आल्या होत्या, “आवाज आला की बटण दाबा.” त्यांच्यावर बटण दाबायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि काय सांगावं, त्यांचा एकही मणी चुकेना! टाळ्यांचा कडकडाट झाला. हळूबाईंसाठी जन्मात कोणी टाळी वाजवली नव्हती, डाससुद्धा लोक त्यांच्यापासून लांब जाऊन मारायचे. त्या स्टुलावर बसल्या त्या बसल्याच. तिकडे दूध उतू गेलं, ओटाभर पसरलं, कडेने खाली ठिबकलं, आणि हळूबाई वाजवतच राहिल्या.

गेममध्ये आपली वादक आपण निवडायची होती. हळूबाईंनी एक बाई निवडली. पिंजारलेले हिरवे केस, गुडघ्यावर फाटलेली विजार, कमरेला साखळ्या. “कुणी सुईदोरा देईल का हिला,” असं पुटपुटत त्यांनी तिचं नाव झिपरी ठेवलं आणि तिच्यावर लेकीसारखा जीव लावला. झिपरी आधी एका गल्लीत वाजवायची, मग एका गच्चीवर, मग बोटीवर. गाणी एकेक करून सर होत गेली. हळूबाईंचं डावं मनगट आखडलं तर त्यांनी मलम लावलं आणि वरून पट्टा बांधला.

पुढे मात्र गाडी अडली. बोटीनंतरची गाणी अवघड होती. तिथे नुसते मणी टिपून भागत नव्हतं, मध्ये मध्ये ‘जोश’ भरायला लागायचा. जोशाची बाटली भरली की पडद्यावर माईकचं चित्र लुकलुकायचं, म्हणजे आता तुम्ही ओरडा! गेमच्या बिजागरीत बारीकसं भोक होतं, त्यातून तो ऐकायचा. ओरडलात की झिपरीच्या अंगातून ज्वाळा निघायच्या आणि गुण दुप्पट व्हायचे.

हळूबाई भोकाला ओठ लावून म्हणाल्या, “अहो.”

काही झालं नाही.

“अहो, ऐकलंत का?”

झिपरी ढिम्म. गर्दीने हुर्यो केली आणि गाणं बंद पडलं. भाजीवाला परवडला, तो निदान बटाटे तरी द्यायचा.

हळूबाईंनी भोकात फुंकून पाहिलं. टाळी वाजवून पाहिली, पण टाळी वाजवायला हात सोडावे लागत आणि तोवर मणी निघून जात. पाय आपटून पाहिला तर खालच्या काकूंनी खालून झाडूच्या दांड्याने उत्तर दिलं. शेवटी एका सकाळी त्या स्टुलावर हताश बसून वाजवत होत्या, माईकचं चित्र लुकलुकत होतं, आणि तेवढ्यात न्हाणीघरातून तीनवारांची हाक आली.

“अगं, टॉवेल!”

झिपरी पेटली! केसांतून ज्वाळा, साखळ्यांतून ठिणग्या, गर्दी नुसती वेडी झाली. गाणं एका दमात पार. हळूबाई पडद्याकडे बघत राहिल्या, न्हाणीघराच्या दाराकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

त्या दिवसापासून त्या घरात टॉवेल जागेवर सापडला नाही. तीनवार आंघोळीला शिरले की हळूबाई टॉवेल पिठाच्या डब्यामागे सारायच्या आणि दाराशी स्टूल टाकून गाणं सुरू करायच्या. टॉवेलच्या पहिल्या हाकेला एक जोश. पण तेवढ्याने पुरायचं नाही, म्हणून त्या उत्तरच द्यायच्या नाहीत. दुसरी हाक, दुसरा जोश. “अगं, गारठलो की मी!” हा तर सगळ्यात मोठा जोश, त्यावर एक अख्खा किल्ला सर झाला.

सर्दी झाली तरी तीनवारांना संशय आला नाही. माणूस भोळा. “हल्ली आपल्याकडे टॉवेल टिकत नाही,” एवढंच म्हणाले आणि बाजारातून गठ्ठाभर टॉवेल घेऊन आले. एक खिळ्यावर टांगला, एक दारावर, एक खिडकीच्या गजाला, आणि एक तर खांद्यावर टाकूनच आंघोळ करू लागले. घरातून हाकाच संपल्या. झिपरी एका मोठ्या मैदानाच्या दाराशी येऊन खोळंबली.

आता आपलं आपल्यालाच ओरडावं लागणार, हे हळूबाईंना कळून चुकलं. पण ओरडायचं कुठे? घराच्या भिंतींना कान, रस्त्यावर माणसं. आणि मग जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना त्यांची नजर समोर गेली. हातभर जाड दार, भिंतींना स्पंज. आतल्या माणसाने बोंब मारली तरी बाहेर चिटपाखराला कळणार नाही! इतकी वर्षं आपण ज्या खोलीच्या दाराशी बसलो ती नेमकी कशासाठी बांधली आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्या गेम घेऊन आत शिरल्या, दार ओढून घेतलं, गाणं लावलं. माईकचं चित्र लुकलुकलं. हळूबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की काय ओरडायचं हेच आपण ठरवलेलं नाही. “वाहवा,” त्या म्हणाल्या. जमेना. “चोर!” जरा बरं झालं, पण चोर म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच भीती वाटली. “पळा!” म्हणून पाहिलं तर उठून जावंसं वाटू लागलं. जन्मात मोठ्याने म्हटलेलं काही ऐकलंय का आपण? ऐकलंय की! रोज ऐकलंय! आणि मग पोटाच्या तळातून, जिथून आजवर नुसती भूकच वर आली होती तिथून, हळूबाईंचा आवाज निघाला.

“एक वार!”

झिपरी पेटली.

“दोन वार!”

मैदान उसळलं.

“तीऽऽन वार!”

एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. आतल्या माईकचं बटण हळूबाईंनी बंद केलं नव्हतं. टेबलावरचा स्पीकर चालू होता, शेवटचा पेशंट जरा जास्तच पुटपुटणारा असल्यामुळे स्पीकरचा आवाज पार टोकाला नेलेला होता, आणि बाहेरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. दारापलीकडे पेशंट बसायची जागा.

तिथे त्या वेळी एक निवृत्त फुटबॉल पंच आजोबा आपल्या सुनेबरोबर बसले होते. आपल्याला नीट ऐकू येतं, बाकीचं जगच पुटपुटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. स्पीकरमधून “दोन वार!” आल्याबरोबर ते ताडकन उभे राहिले.

“अगं सूनबाई, इथे लिलाव आहे! बोलली नाहीस ती?”

“बाबा, हा दवाखाना आहे, बसा.”

“मग काय विकतायत आत? कान?”

बाजूला नाकात बोळा घातलेला एक शिंपी बसला होता, तो घाबरून म्हणाला, “माझं तर नाक आहे हो.” तेवढ्यात “तीऽऽन वार!” झालं आणि आजोबांनी हात वर करून आरोळी ठोकली, “थांबा, थांबा! डावा कान मी घेतो, उजवा आहे चांगला!”

हा कल्ला ऐकून डॉक्टरीणबाई तोंडातला घास तसाच ठेवून धावत आल्या. त्यांनी आतल्या खोलीचं जाड दार ओढलं. आत हळूबाई उभ्या, केसांचा अंबाडा सुटलेला, एक पाय खुर्चीवर, हाताला पट्टा, हातात नखी. समोर डॉक्टरीणबाई, त्यांच्या मागे आजोबा, आजोबांच्या मागे सून, सुनेच्या मागे शिंप्याचं नाक.

धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं हळूबाईंना झालं. नोकरी गेली, असं धरून त्या चालल्या.

“हे... तुम्ही ओरडलात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हळूबाईंनी मान खाली घालून होकार भरला.

“आणि मला ऐकू आलं. माझ्या खोलीत. जेवताना.” डॉक्टरीणबाई मटकन त्या खुर्चीवर बसल्या. “अहो बाई, तुमच्यापायी मी गुपचूप तीनदा माझे कान दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासून आणले! म्हटलं, बाई बोलताना दिसते, मला तर काहीच ऐकू येत नाही, गेले आपले कान. कुणाला सांगू? कानाच्या डॉक्टरचेच कान!” आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नोकरी राहिली. सुट्टीत खेळायलाही मोकळीक मिळाली, फक्त बटण बंद करायचं. पंच आजोबांनी मात्र हट्ट धरला की या दवाखान्यात एकच बाई स्पष्ट बोलते, तिनेच माझे कान तपासावेत, आणि ‘तीन वार’ म्हणून तपासावेत. तसं म्हटल्यावर ते मुकाट्याने आत बसले, आणि महिन्याभरात कानाला मशीनही लावून गेले.

त्या दिवशीचा हा प्रकार हळूबाई त्याच संध्याकाळी घरी सांगणार होत्या. शब्दांची जुळवाजुळव करत जिना चढल्या, तर तीनवार पलंगावर बसलेले, गळ्याभोवती सगळे नवे टॉवेल गुंडाळलेले, तोंड उघडं आणि त्यातून फक्त वारा. गोदामात एका जुन्या पियानोच्या बोलीवर दोघे हमरीतुमरीवर आले होते, त्यांच्या वरचढ ओरडता ओरडता तीनवारांचा आवाज तिसऱ्या वाराला बसला. पियानो कोणाला गेला हे अजूनही नक्की नाही.

डॉक्टरीणबाईंनी घशात दिवा टाकून पाहिलं आणि फर्मान काढलं: अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. मी सांगेपर्यंत चूप.

तीनवारांची अवस्था बघवेना. ते चमच्याने ताट वाजवायचे, दार आपटायचे, खिडकीतून ओळखीचा माणूस दिसला की दोन्ही हात हलवायचे आणि तो वर बघायचाच नाही. शेवटी कंटाळून त्यांनी फडताळावरचा गेम ओढला. बोटाखाली चारही बटणं यायची, म्हणून हळूबाईंनी त्यांना बोटाचं टोक कसं टेकवायचं ते शिकवलं. तीनवार वाईट वाजवायचे, फारच वाईट. जन्मभर गर्दीला तालावर नाचवलेला माणूस, त्याच्यावर गर्दी हुर्यो करू लागली. ते लाल व्हायचे, गुरगुरायचे, आणि पुन्हा सुरू करायचे. जोश आला की बायकोकडे बघून भुवया उडवायचे. मग हळूबाई भांडी घासता घासता मागे वळून ओरडायच्या.

“वाजवा! वाजवा म्हणते ना! तो लाल, लाल! अहो, कुठे बघताय? झालं, घालवलंत!”

खालच्या काकूंनी हे दोन दिवस ऐकलं. इतकी वर्षं वरून फक्त भाऊंचा आवाज येत होता. आता भाऊंचा मागमूस नाही, आणि वहिनी गरजतायत, वर आपटाआपटी, ताटांचा खणखणाट. तिसऱ्या दिवशी काकू झाडू हातात घेऊनच वर आल्या.

दार तीनवारांनी उघडलं. डोळे जागरणाने लाल, मनगटाला पट्टा.

“भाऊ,” काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, “खरं सांगा. मारते का?”

तीनवारांनी जोरजोरात मान हलवली आणि घसा गेलाय हे सांगायला दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला, जीभ बाहेर काढली.

“गळा दाबते?”

तीनवारांनी दोन्ही हात जोडून नाही नाही केलं, ते काकूंना दयेची याचना वाटली. मग त्यांनी गेम उंच धरून दाखवला, त्यावर जोरात बोट आपटलं, आणि आत हळूबाईंकडे बोट केलं.

“याने मारते!” काकू किंचाळल्या. “अहो, या ना कुणीतरी!”

जिन्यात दारं उघडली. वरच्या मजल्यावरचा चावीवाला खाली आला, समोरच्या मास्तरीणबाई बाहेर आल्या. सगळ्यांच्या मधून ओले हात पदराला पुसत हळूबाई उंबऱ्यात आल्या. काकू झाडू सरसावून मागे सरकल्या. हळूबाईंना सगळं समजावून सांगायचं होतं: बेवारस खोकं, झिपरी, जोश, टॉवेल. आधी त्या नेहमीसारख्या बोलल्या.

“काय म्हणाल्या?” चावीवाल्याने विचारलं.

“धमकी दिली असेल,” काकू म्हणाल्या.

मग हळूबाईंनी खोल श्वास घेतला आणि सगळा जिना दणाणून सोडला. “मारत नाहीये मी त्यांना! ते गिटार वाजवतायत! फार वाईट वाजवतायत! आणि घसा बसलाय त्यांचा, म्हणून त्यांच्या वाटचं मी ओरडतेय! आणि टॉवेल मीच लपवत होते!”

शेवटच्या वाक्याची काही गरज नव्हती, पण ओरडायला लागलं की माणसाला थांबता येत नाही. तीनवारांनी सावकाश वळून बायकोकडे पाहिलं. गळ्यातले टॉवेल एकेक करून चाचपले. त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्या सर्द्या, सगळ्या गारठलेल्या सकाळी एकामागून एक उमटून गेल्या. आणि मग त्यांचं पोट हलू लागलं. हसताना आवाज करायला मनाई होती, म्हणून ते भिंतीला धरून नुसते हलत राहिले, ते थेट खाली बसेपर्यंत.

काकूंना गेम दाखवावा लागला. काकूंनी नखी हातात घेतली, दोन मणी टिपले, आणि संध्याकाळपर्यंत घरी गेल्या नाहीत.

झिपरीचं शेवटचं गाणं राहिलं होतं. ते एका रविवारी दुपारी झालं. हळूबाई वाजवायला, शेजारी काकू आणि चावीवाला बघायला, आणि तीनवार खुर्चीच्या काठावर, स्वतःच्याच गुडघ्यावर ताल धरून. जोश आला तेव्हा हळूबाईंनी अशी काही “तीऽऽन वार!”ची आरोळी दिली की चावीवाल्याच्या जुडग्यातल्या किल्ल्या वाजल्या. झिपरीने गिटार हवेत उडवली, आकाशातून कागदाचे तुकडे पडले, आणि पडद्यावर सिनेमाच्या शेवटी येते तशी नावांची लांब रांग सरकू लागली. हळूबाईंनी पट्टा सोडला.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तीनवारांचा घसा तपासला. “उतरलीय सूज. पण एकदम नको. आजच्या दिवसात एकच वाक्य, तेही हळू. जपून वापरा.”

तीनवारांनी ते वाक्य दवाखान्यात वापरलं नाही. वाटेत वापरलं नाही. हळूबाई चालता चालता मधूनच त्यांच्याकडे बघत होत्या. इतक्या दिवसांनी हा माणूस बोलणार, आणि एकच वाक्य. काहीतरी राखून ठेवलं असेल मनात. इतक्या वर्षांचा संसार आहे. घरी आल्यावर हळूबाईंनी चहा केला, कप त्यांच्या हातात दिला आणि समोर स्टूल ओढून बसल्या.

तीनवारांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, बायकोच्या डोळ्यांत पाहिलं, घसा खाकरला आणि अगदी हळू, जवळजवळ हळूबाईंसारखं, म्हणाले,

“दे इकडे तो गेम, माझी पाळी आहे.”